मामा तलावात गवत्या सोडावा का?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत धानाच्या शेतीला पाणी देणारे जे जुने मातीच्या पाळीचे तलाव गावोगाव दिसतात, त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. गोंड राजांच्या आश्रयाने आणि कोहळी समाजाच्या कौशल्याने त्यांतले अनेक बांधले गेले, पुढे ते मालगुजारांकडे राहिले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांचे पाणी शेतकऱ्यांच्या बांध्यांना जाते, तर मासेमारी बहुतेक ठिकाणी ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे असते. पावसाळ्यात मत्स्यबीज आणण्याची वेळ आली की या संस्थांना दरवर्षी एक निर्णय घ्यावा लागतो, तो म्हणजे बोटुकलीत, अर्थात बोटाएवढ्या वाढलेल्या पिलांत, गवत्या घ्यायचा की वगळायचा.

गवत्या म्हणजे ग्रास कार्प. पूर्व आशियातील मोठ्या नद्यांचा हा मासा १९५९ मध्ये भारतात आणला गेला आणि त्याच वर्षी चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्पही आला. पुढे कटला, रोहू, मृगळ हे तीन देशी मासे आणि चंदेरा, गवत्या, सायप्रिनस हे तीन परदेशी मासे एकत्र वाढवण्याची मिश्र मत्स्यशेती देशभर रुजली. तिच्यामागचा विचार पक्का आहे. कटला पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी राहतो, चंदेरा पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो आणि गवत्या पाणवनस्पती खातो, त्यामुळे एकाच पाण्यातून अधिक मासळी निघते. मासळीसाठीच खोदलेल्या शेततळ्यात किंवा मत्स्यबीज केंद्राच्या टाक्यात ही रचना आजही योग्य आहे आणि तिथे गवत्याला नाकारण्याचे कारण नाही.

मामा तलाव मात्र तसे टाके नाही. त्याच्या उथळ काठाला देवधान, म्हणजे रानभात, उगवतो. पुढे शिंगाडा आणि कमळ पसरते. त्याखाली हायड्रिला आणि पट्टीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया उभी असते. ही हिरवी गर्दी म्हणजे देशी माशांचे बाळंतघर आहे. मरळीची जोडी पावसाळ्यात याच उथळ वनस्पतींत थोडी जागा मोकळी करते, तिथे तिची पिवळसर अंडी पाण्यावर तरंगतात, आणि त्यांतून निघालेल्या तांबूस पिलांचा पुंजका थोडा मोठा होईपर्यंत आईबाप त्याच्या खाली राखण करत फिरतात. शिंगी आणि मांगूर हे हवेतूनही श्वास घेणारे मासे याच गाळात आणि झाडोऱ्यात तग धरतात, म्हणूनच मे महिन्यात पाणी डबक्याएवढे उरले तरी ते जगतात. लांब शेपटीचा कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटे करतो आणि हिवाळी बदकांपैकी कित्येक जाती पाण्याखालच्या याच वनस्पतींवर पोसल्या जातात.

गवत्याच्या तोंडात दात नसतात. ते घशात असतात, करवतीसारखे खाचदार, आणि त्यांनी तो पाने कापून भरडतो. उबदार पाण्यात तो दिवसाकाठी आपल्या वजनाच्या मोठ्या हिश्श्याइतका, कधी वजनाएवढाही चारा खाऊ शकतो. त्याची आतडी लांबीने कमी असल्याने खाल्लेल्याचा बराचसा भाग अर्धवट पचून बाहेर पडतो. त्यामुळे दुहेरी नुकसान होते, कारण एकीकडे पाण्यातली झाडी नाहीशी होते आणि दुसरीकडे तिच्यात बांधलेले पोषणद्रव्य पाण्यात सुटून सूक्ष्म शेवाळ माजते, पाणी हिरवे व गढूळ होते आणि तळापर्यंत उजेड न पोहोचल्याने नवी झाडी उगवणे अवघड होते. सायप्रिनसचा उपद्रव वेगळा आहे: तो तळाचा चिखल उकरतो आणि साचलेल्या पाण्यात स्वतःच अंडी घालून वाढत जातो, म्हणून एका अर्थी तो गवत्याहूनही चिवट पाहुणा आहे.

जगभरातील प्रवाळ-मत्स्यालयांत ट्रिगर फिश या समुद्री माशांबाबत, ते सोडावेत की नाही, असाच प्रश्न विचारला जातो. या कुळातल्या विदूषक ट्रिगर आणि टायटन ट्रिगर यांसारख्या बहुतेक जाती खेकडे, झिंगे, शिंपले आणि समुद्री साळू यांना बळकट जबड्याने फोडून खातात, टायटन तर प्रवाळाच्या फांद्यांची टोकेही तोडतो. मात्र निळ्या गळ्याचा ट्रिगर पाण्यातले प्लवक टिपून जगतो, म्हणून तो तुलनेने निर्धोक मानला जातो. मासा वाईट की चांगला हे ठरवण्याआधी तो काय खातो आणि त्या जागेत ते खाद्य कोणाचे घर आहे, हे पाहावे लागते. भारतातील प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मामा तलावातल्या हायड्रिलाला तसे कोणतेही नाही.

गवत्याच्या बाजूने सांगितले जाणारे कारण म्हणजे तो तण काढतो. ते अर्धेच खरे आहे. चंद्रपूर शहरातील रामाळा तलावाला ज्या जलपर्णीने ग्रासले, किंवा काठाला माजणारी जी बेशरम तलावाची जागा गिळते, त्यांना गवत्या सहसा तोंड लावत नाही; तो आधी कोवळी आणि मऊ झाडी संपवतो, म्हणजे नको ते राहते आणि हवे ते जाते. बेशरम माणसांनीच उपटावी लागते. शेजारच्या भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत मनीष राजनकर आणि पतिराम तुमसरे या कार्यकर्त्यांनी ढिवर मासेमारांसोबत बेशरम काढून, तळ भुसभुशीत करून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे जे काम केले, ते याच दिशेचे आहे.

संस्थेच्या हिशेबात गवत्याची झपाट्याने होणारी वाढ आणि त्याला मिळणारा भाव मोलाचा असतो, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु मरळ, शिंगी आणि मांगूर यांनाही बाजारात चांगला दर आहे, त्यांचे बीज तलाव स्वतःच देतो, आणि गवत्याचे बीज मात्र दरवर्षी विकत आणावे लागते, कारण त्याला अंडी घालायला वाहती मोठी नदी लागते. याच कारणाने झालेली चूक दुरुस्तही होते: नवी बोटुकली न सोडता उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जाळे ओढून मोठे गवत्या काढले, तर काही हंगामांत तलाव मोकळा होतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतील मासळीवरचा सामूहिक हक्क स्पष्ट नमूद आहे, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखापासून गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी अशा हक्कांचा वापर केला आहे. ग्रामसभा आणि संस्था यांनी बीज मागवताना कटला, रोहू, मृगळ एवढीच नावे द्यावीत, मिश्र बोटुकली घेऊ नये, आणि ज्या मामा तलावात झाडी अजून शिल्लक आहे त्यात गवत्या सोडू नये.