एकाला चढते, एकाला नाही

मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत ब्रिटिश सोल्जर देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून असत. कंटाळा, उन्हाळा आणि दारू. इंग्रजीत डोके फिरण्याला ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले ते इथूनच. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप! पण एकाच बराकीत तीच रम पिऊन एक जण व्यसनी होतो, शेजारचा होत नाही, ते का?

जुळ्यांच्या अभ्यासांनुसार या फरकातला सुमारे ५० टक्के वाटा आनुवंशिक असतो. ‘दारूचे जनुक’ असे एकच नसते, अनेक असतात. यकृतात दारूचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विष होते; ‘एएलडीएच२’ हे विकर ते निपटते. ज्यांचे विकर जनुकातील बदलामुळे मंद, त्यांचा अर्ध्या पेगातच चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. असे लोक सहसा दारूच्या नादी लागत नाहीत. चीन-जपानमध्ये हा बदल बऱ्याच जणांत आढळतो, आपल्याकडे क्वचितच.

‘आपल्याला चढतच नाही’ ही फुशारकी मात्र धोक्याची. अमेरिकेत संशोधक मार्क शुकिट यांना व्यसनी बापांच्या मुलांत हीच खूण अधिक दिसली. डेन्मार्कमध्ये तर तान्हेपणीच दत्तक गेलेल्या अशा मुलग्यांतही व्यसनाचे प्रमाण इतर दत्तक मुलग्यांच्या जवळपास चौपट निघाले (१९७३).