धरण फुटण्यापूर्वी

मृग नक्षत्र जवळ येऊ लागले म्हणजे प्रत्येक नीटनेटक्या घरात एक ठराविक धांदल सुरू होते. कौले परतून घ्यावयाची, पन्हळी साफ करावयाच्या, गच्चीच्या भेगा बुजवावयाच्या, परसातील गटारे मोकळी करावयाची. पावसाळ्यापूर्वी घराची पाहणी करणे हा आपल्या गृहव्यवस्थेचा जुना धडा आहे, आणि तो कोणास नव्याने शिकवावा लागत नाही. परंतु गावाच्या वरच्या अंगास जो लहानसा तलाव असतो, त्याच्या बांधाची पाहणी यंदा कोणी केली काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो. वास्तविक गळक्या छपराने फार तर अंथरुणे भिजतात. गळक्या बांधाने घरच वाहून जाते.

मोठ्या धरणांविषयी आम्ही येथे लिहीत नाही. त्यांच्यावर अभियंते, यंत्रे व पहारेकरी असतात. आमचा विषय आहे तो लहान मातीच्या धरणांचा. पाझर तलाव, गावतलाव, लघु पाटबंधाऱ्यांचे जलाशय यांनी आपला प्रांत भरलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात लोकांच्या हातांना काम देण्यासाठी असे कितीतरी बांध घालण्यात आले. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव तर त्याहून कितीतरी जुने. या बांधांनी विहिरींना पाणी दिले, शेते पिकविली. त्यांचे उपकार कोणी नाकारणार नाही. परंतु बांध जुना होतो, भोवती वस्ती वाढते, आणि ज्यांनी तो बांधला ती पिढी निघून जाते. मग त्याची प्रकृती कशी आहे, हे जाणणारे गावात कोणी उरत नाही.

मातीच्या धरणाची रचना मुळात साधी असते. मध्यभागी चिकण मातीचा गाभा, दोन्ही अंगांस मुरूम किंवा जाडसर मातीचा भराव, पाण्याकडील उतारावर लाटांचा मार सोसण्यासाठी दगडांचे अस्तर, खालच्या पायथ्याशी मुरलेले पाणी सुरक्षितपणे बाहेर पडावे म्हणून दगडांची रास. पाणी शेतास देण्यासाठी बांधाच्या पोटातून गेलेला एक नळ किंवा मोरी, आणि पुराचे जास्त झालेले पाणी एका बाजूने निघून जावे म्हणून सांडवा. इतक्याच अवयवांवर सर्व भिस्त असते. पाण्याचे वजन मात्र विसरून चालत नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन भार. जेथे पाणी १० मीटर खोल आहे, तेथे तळाच्या प्रत्येक चौरस मीटरावर १० टनांचा दाब सतत, रात्रंदिवस, पडत असतो.

असा बांध मुख्यतः तीन मार्गांनी फुटतो. पाणी माथ्यावरून वाहू लागते आणि खालचा उतार खणून काढते, हा पहिला. पाणी बांधाच्या पोटातून किंवा पायातून वाट काढते आणि मातीचे कण आपल्याबरोबर घेऊन जाते, हा दुसरा. भिजून जड झालेला उतारच घसरून खाली येतो, हा तिसरा. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, शेवटचा घाव अकस्मात बसला तरी त्यापूर्वी बांध बहुधा काही खुणा दाखवितो. त्या खुणा पाहण्यास फार मोठी विद्या लागत नाही. पाय, डोळे आणि थोडा धीर पुरतो.

पाहणीची सुरुवात माथ्यावरून करावी. एका टोकास उभे राहून दुसऱ्या टोकाकडे नजर लावली असता माथ्याची रेषा सरळ व सपाट दिसली पाहिजे. मध्येच एखादी जागा खचलेली दिसली, किंवा गुरांच्या व गाड्यांच्या रहदारीने तेथे खळगा पडला असेल, तर पुराचे पाणी नेमके तेथूनच उलटेल. माथ्यावर भेगा असल्यास त्या कोणत्या दिशेने आहेत, हे पाहावे. बांधाच्या लांबीस समांतर गेलेली भेग उतार घसरू लागल्याची सूचना असू शकते. माथ्यास आडवी छेदून एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे गेलेली भेग पाण्यास आयती वाट देते. उन्हाने तडकलेल्या वरवरच्या मातीची भेग आणि खोल गेलेली भेग यांतील भेद बारीक काठी घालून पाहिला तरी पुष्कळसा कळतो.

नंतर उतार. पाण्याकडील दगडी अस्तर जेथे उखडले आहे तेथे लाटा माती खाऊ लागतात. खालच्या उतारावर बाभळी किंवा दुसरी झाडे माजली असतील, तर ती शोभेची वस्तू समजू नये. झाड उन्मळले तर मातीचा मोठा गोळा घेऊन पडते. मेले तर त्याची मुळे कुजून आत पोकळ नळ्या राहतात. दाट झुडपांचा दोष आणखी एक : त्यांच्यामुळे बांध दिसतच नाही. वारुळे, घुशींची व खेकड्यांची बिळे, पावसाच्या पाण्याने पडलेल्या घळी, फुगवटा आलेली जागा, या सर्वांची नोंद घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे स्थान मात्र पायथा. मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपणारच. ते झिरपणे हा रोग नव्हे. पाहावयाचे ते त्या पाण्याचा रंग आणि त्याचे प्रमाण. पाणी स्वच्छ असेल आणि तलावाची पातळी असेल त्या मानाने नेहमीइतकेच येत असेल, तर चिंतेचे कारण सहसा नसते. परंतु पाणी गढूळ येऊ लागले, म्हणजे बांधाची माती त्याच्यातून बाहेर जात आहे असे समजावे. पायथ्याच्या जमिनीतून पाणी बुडबुडत वर येऊन भोवती बारीक वाळूचे कडे साठत असेल, तर तीही त्याच आजाराची खूण. कोरड्या दिवसांत एखाद्या ठिकाणचेच गवत हिरवेगार असेल, तर तेथे पाय रोवून पाहावे. पोटातील मोरीच्या तोंडाशी विशेष लक्ष द्यावे. माती आणि चुना-दगड यांचा सांधा सर्वत्र दुबळा असतो, आणि नळाच्या कडेने वाहणारे पाणी पुष्कळ बांधांच्या नाशास कारण झालेले आहे.

शेवटी सांडवा. तो मोकळा असणे हेच त्याचे काम. परंतु एक हात पाणी अधिक साठावे म्हणून कोठे त्यावर वाळूची पोती रचतात, तर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून कोठे जाळ्या लावतात. याचा परिणाम काय होतो, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. पेनसिल्व्हेनिया संस्थानातील साउथ फोर्क धरण धनिकांच्या एका मंडळाने आपल्या क्रीडेसाठी घेतले. पाणी खाली सोडण्याचे नळ पूर्वीच काढून टाकलेले होते. मंडळाने माथा थोडा खाली उतरविला, आणि मासे अडविण्यासाठी सांडव्यास जाळ्या बसविल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टी झाली, जाळ्यांत पालापाचोळा अडकला, पाणी माथ्यावरून गेले व धरण फुटले. खालच्या जॉन्सटाउन शहरातील व खोऱ्यातील २,२०० हून अधिक माणसे प्राणास मुकली.

त्याच देशातील दुसरे उदाहरण आमच्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. जॉर्जिया संस्थानातील टोकोआ गावाजवळचे केली बार्न्स धरण जेमतेम ४० फूट उंचीचे होते. वीज करण्याचे त्याचे काम १९५७ सालीच थांबले होते; पुढे ते केवळ तळे म्हणून राहिले. १९७३ साली घेतलेल्या एका छायाचित्रात त्याच्या खालच्या उताराची माती घसरलेली दिसत होती. छायाचित्र होते, घसरलेली माती होती. उपाय मात्र झाला नाही. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री धरण फुटले आणि खालच्या विद्यालयाच्या आवारातील ३९ माणसे गेली. त्यानंतरच त्या देशाच्या अध्यक्षांच्या आज्ञेने धोक्याच्या जागी असलेल्या खासगी धरणांची तपासणी हाती घेण्यात आली.

परदेशचे दाखले पुरेत. पुणेकरांस १२ जुलै १९६१ ची आठवण द्यावी लागत नाही. पानशेतचे मातीचे धरण अद्यापि पुरे झाले नव्हते, तोच पाणी भरले. पोटातील मोरीतून वेगाने वाहणाऱ्या पाण्याने हादरे बसू लागले व मोरीवरचा भराव खचू लागला. सैनिकांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा उचलून धरण्याची शिकस्त केली. परंतु सकाळी धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही गेली, आणि शहराची नदीकाठची वस्ती उद्ध्वस्त झाली.

कोकणातील तिवऱ्याची गोष्ट तर अगदी अलीकडची. चिपळूण तालुक्यातील हे धरण लघु पाटबंधाऱ्यांच्या वर्गातील; त्यात वीस लाख घनमीटरांहून अधिक पाणी मावत असे. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले, आणि खाली असलेल्या भेंदवाडीतील घरे माणसांसह वाहून गेली. वीसहून अधिक जीव गेले. धरणास गळती आहे, असे गावकरी आधीपासून सांगत होते, हे वृत्त त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाले. पुढे खेकड्यांनी बांध पोखरल्याची चर्चा झाली व तिची थट्टाही पुष्कळ झाली. आम्हांस त्या वादात शिरावयाचे नाही. बिळाने बांध दुबळा होऊ शकतो, हे खरे. परंतु बीळ हे वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असते. जे दिसते ते वेळेवर बुजविणे हेच देखरेखीचे काम असल्यामुळे, दोष खेकड्यावर टाकून देखरेखीची सुटका होत नाही.

या सर्व हकिकतींतून एकच गोष्ट निष्पन्न होते. धोका कोणास दिसला नाही, असे कोठेच झाले नाही. दिसणे आणि उपाय होणे यांच्यामध्ये जे अंतर पडले, त्यात माणसे बुडाली. म्हणून पाहणीचे खरे मोल पाहण्यात जितके, तितकेच लिहून ठेवण्यात व त्याचा पाठपुरावा करण्यात आहे. ‘गळती आहे’ हे वाक्य दरवर्षी ऐकून अधिकाऱ्यांचे कान सरावतात. परंतु ‘मोरीच्या उजव्या अंगास पाच हातांवर झरा आहे, आषाढाच्या आरंभी तेथे बादली भरण्यास ६० सेकंद लागत, आज तलावाची पातळी तीच असता २० सेकंद लागतात, आणि पाणी गढूळ आहे’ असे तारीखवार लिहिलेले वाक्य सहसा टाळता येत नाही. बादली आणि घड्याळ ही दोन उपकरणे कोणत्या घरात नाहीत? दरवर्षी एकाच जागेवरून काढलेले छायाचित्र हे तिसरे. आजच्या काळी तेही प्रत्येकाच्या खिशातच असते.

कायद्याचे साहाय्य आता काही अंशी मिळाले आहे. २०२१ च्या धरण सुरक्षितता कायद्याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करणे धरणाच्या मालकावर बंधनकारक केले. परंतु हा कायदा १५ मीटरांहून उंच धरणांस, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी काही अटींत बसणाऱ्यांसच लागू आहे. आठ-नऊ मीटरांचा गावतलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्याची जबाबदारी बहुधा जिल्हा परिषदेकडे असते, आणि तेथे कामे पुष्कळ व माणसे थोडी. पाणी मात्र कायद्याची कलमे वाचून वाहत नाही. ज्या बांधाच्या पायथ्याशी शाळा किंवा वाडी आहे, तो उंचीने लहान असला तरी धोक्याने मोठाच होय.

सुशिक्षित कुटुंबांनी या कामी काय करावे? आपले मूळ गाव, आपली शेती किंवा आपले आप्त ज्या तलावाच्या खाली आहेत, त्याची मालकी कोणाकडे आहे याची चौकशी करावी. वर्षातून दोनदा, वैशाखात आणि दिवाळीच्या सुमारास, त्याची पाहणी झाली काय हे लेखी विचारावे. गावच्या शिक्षकांनी व तरुणांनी वर सांगितलेली नोंदवही ठेवण्यास त्यांना साहाय्य करावे. संकट दिसल्यास कोणास कळवावयाचे, रात्री निरोप कसा द्यावयाचा, आणि वस्तीने कोणत्या उंचवट्यावर जावयाचे, हे पावसापूर्वीच ठरवून ठेवावे.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य दिली पाहिजे. पाहणी करणे निराळे आणि दुरुस्ती करणे निराळे. पायथ्याशी गढूळ पाणी फुटले की चिखल भरून ते बंद करावे, असे साहजिकच वाटते. परंतु कोंडलेले पाणी दुसरीकडे अधिक जोराने फुटते. जाणते लोक तेथे आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर घालतात. त्यामुळे पाणी बाहेर जाते व माती आत राहते. तलाव घाईने रिकामा केल्यासही पाण्याकडील भिजलेला उतार घसरण्याचे भय असते. ही कामे अभियंत्यांच्या देखरेखीखालीच व्हावीत. सामान्य माणसाचे काम खूण ओळखणे, लिहिणे, कळविणे, आणि पाणी माथ्यास भिडू लागले तर क्षणाचाही विलंब न लावता सर्वांना घेऊन उंच जागी जाणे, इतकेच आहे.

यंदा वैशाखात गावी जाणे झाल्यास एक सकाळ त्या बांधासाठी राखून ठेवावी, मुलांनाही बरोबर न्यावे, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून आरंभ करावा, एवढी आमची वाचकांस विनंती आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या पानावर लिहिताना पहिले पान उलटून पाहता येईल. बांधात काय बदलले ते त्या दोन पानांच्या तुलनेतून कळेल.