वसतिगृहाचे पाणी : पांढरा थर आणि काळी पडलेली बाटली



गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला, एका रविवारी उपासनेनंतर मंडळीतले एक आजोबा आमच्या वसतिगृहात मुलांना भेटायला आले. न्हाणीघरातल्या बादलीवरचा पांढरा थर त्यांनी नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाले, "अहो, हे पाणी लेकरांच्या पोटात गेलं तर मुतखडे होतील. आम्ही आरओ मशीनसाठी वर्गणी काढतो." त्यांची कळकळ खरी होती. तरीही आम्ही ते पैसे वेगळ्या कामासाठी मागून घेतले. असे का, हे अनेकांनी विचारले, म्हणून या अंकात लिहितो आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात बहुतेक घरांत दोन पाणी असतात. एक नळाचे. ते पैठणच्या नाथसागरातून उपसून फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते आणि नक्षत्रवाडीच्या टेकडीवरून शहरात उतरते. हे शहर पहिल्यापासून लांबूनच पाणी आणत आले आहे. मलिक अंबरच्या नहरी त्यासाठीच होत्या. पण नळ रोज येत नाही, कित्येक दिवसांनी येतो. म्हणून दुसरे पाणी, बोअरचे.

पांढरा थर देतो तो मुख्यतः बोअर. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आंबट होते आणि खडकाच्या भेगांतून जाताना कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून सोबत आणते. यालाच आपण जड पाणी म्हणतो. शाळेच्या पुस्तकात दुष्फेन हा शब्द आहे. अशा पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी चिकट साका होतो, केस राठ होतात, तूरडाळ शिजता शिजत नाही. पाणी तापवले की त्यातला काही क्षार चुनखडी होऊन भांड्याला बसतो. तोच तो पांढरा थर. लिंबू किंवा व्हिनेगर लावून ठेवले की तो सुटतो.

हा थर किती साचावा? पाण्याची कठीणता लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर हजार लिटरच्या टाकीत ३०० ग्रॅम चुनखडीइतके क्षार असतात. आकडा ऐकून धसका बसतो. पण भारतीय मानकानुसार लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चांगले आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने तर कठीणतेला आरोग्याच्या कारणासाठी मर्यादाच घातलेली नाही. कॅल्शियम दुधातूनही पोटात जातेच. मुतखड्याचे मोठे कारण कमी पाणी पिणे हे आहे, आणि चव आवडत नाही म्हणून मुले पाणी टाळू लागली तर ते जास्त वाईट. आमच्या बोअरचा अहवाल आला तेव्हा कठीणता या दोन आकड्यांच्या मधे निघाली. नायट्रेटही आम्ही मुद्दाम तपासून घेतले, कारण ते शौचखड्ड्यांतून बोअरमध्ये उतरते, उकळून जात नाही आणि तान्ह्या बाळांना घातक असते. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. ते मर्यादेत होते.

मग नळाच्या पाण्याकडे वळलो. ते गोड, नितळ, डाळ पटकन शिजवणारे. पिण्यासाठी आम्ही तेच राखून ठेवत असू. ज्या पावसाळ्यात आजोबा आले, त्याच पावसाळ्यात काही मुलींना जुलाब लागले होते आणि सगळ्यांनी दोष बोअरला दिला होता. आरोग्यसेविका ताईंनी एचटूएस बाटल्या आणून दिल्या. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून दिवसभर ठेवायचे. काळे पडले तर विष्ठेतले जंतू असल्याचा संशय धरायचा. बोअरची बाटली होती तशी राहिली. नळाचे पाणी साठवायच्या जमिनीतल्या हौदाची बाटली दुसऱ्या सकाळी काळी झाली. हौदाचे झाकण तुटले होते आणि त्यावर फरशीचा तुकडा ठेवलेला होता. चूक आमचीच.

मारा येथील पाणी कडू होते, म्हणून लोकांना निदान तोंडाला लावताच कळले. जंतूंना चव नसते. पेनासारखे टीडीएस मीटर पाण्यात बुडवून विक्रेता आकडा दाखवतो, तोही विरघळलेल्या क्षारांचाच. जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. जारचे पाणी गार असते, पण गार म्हणजे शुद्ध नव्हे.

नळ अनेक दिवसांनी येतो, तिथे आणखी एक गोष्ट घडते. पाइपात दाब नसतो तेव्हा गळक्या जोडांतून आजूबाजूची घाण आत ओढली जाते, म्हणून सुरुवातीचे गढूळ पाणी सोडून द्यावे. शिवाय केंद्रात घातलेले क्लोरीन साठवलेल्या पाण्यातून हळूहळू उडून जाते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेले असावे. ओटी द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते, त्यावरून ते समजते. न झाल्यास हजार लिटरला ५ ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर थोड्या पाण्यात कालवून, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबायचे. पावडरीचा डबा उघडा राहिला तर तिचा जोर जातो. आमची पहिली पिशवी अशीच वाया गेली.

आरओ जंतूही अडवते, हे मान्य. पण एक लिटर देताना ते सहसा दोन-तीन लिटर सोडून देते. मुलांच्या पिण्याच्या दोनशे लिटरमागे चारशे ते सहाशे लिटर गटारात, तेही या शहरात! आणि शुद्ध केलेले पाणी त्याच उघड्या पिंपात हात बुडवून काढले, तर मशीनचा उपयोग काय?

वर्गणीतून हौदाला लोखंडी झाकण बसले, हौद घासून घेतला, तोटी असलेली दोन पिंपे आणि ओटीच्या बाटल्या आल्या. आता नववीतल्या दोघी रोज सकाळी रंग पाहून वहीत लिहितात. आजोबांनी ती वही स्वतः चाळली.

उरलेल्या पैशांतून एचटूएस बाटल्या घेतल्या आहेत. आपली बरीच मुले कन्नड आणि सोयगाव तालुक्यांतल्या भिल्ल वस्त्यांतून येतात. उन्हाळ्यात तिथे नदीच्या वाळूत झिरा खणून पाणी भरतात. त्या पाण्याचा हंड्याला थर धरत नाही आणि त्याला वासही येत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत घरी जाताना प्रत्येक वस्तीसाठी दोन बाटल्या आणि क्लोरीनच्या द्रावणाची एक कुपी मुलांसोबत द्यायची आहे. सोयगावकडच्या वस्त्यांसाठी बाटल्या अजून कमी पडतात.