मोठी स्क्रीन नंतर घ्या: तळ्यातल्या बोटीचा हिशेब, आपल्या धंद्याला धडा

मागच्या व्हिडिओत आपण "कमी पैशात दुकान अपग्रेड कसं करायचं" यावर बोललो. आज तोच विषय, पण दुकानाऐवजी बोट. आणि तीही लेक मिशिगनमधली.

झालं असं, की माझा मावसभाऊ अमेरिकेत मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्सला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एका मित्राबरोबर निम्म्या भागीदारीत १९ फुटी जुनी अॅल्युमिनियमची बोट घेतली. सुट्टीच्या दिवशी ग्रँड हेवनहून पाण्यात उतरायचं आणि ट्रोलिंग करायचं.

आता ट्रोलिंग म्हटलं की आपल्याला सोशल मीडिया आठवतो. कोकणातल्या लोकांना ट्रॉलर आठवेल, पण तो जाळं ओढतो. इथे जाळं नाही. बोट माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ३ ते ५ किलोमीटर वेगाने चालवायची आणि मागून गळ-आमिष ओढत न्यायचं. सॅमन मासा खोल आणि गार पाण्यात असतो, म्हणून तारेला चार-पाच किलोचा गोळा बांधून दोरी खाली नेतात. त्या यंत्राला डाउनरिगर म्हणतात. गंमत म्हणजे हा सॅमन तिथला मूळचा नाही. बाहेरून आलेला एलवाइफ नावाचा छोटा मासा बेसुमार वाढला होता. तो आटोक्यात यावा आणि लोकांना गळ टाकायला चांगला मासा मिळावा, म्हणून मिशिगन सरकारने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सॅमन सोडले. त्यातून मासेमारीच्या पर्यटनाचा अख्खा धंदा उभा राहिला.

आणि "तळं" या शब्दावर जाऊ नका. ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जवळपास पाचवा हिस्सा! जास्तीत जास्त खोली २८१ मीटर. पलीकडचा किनारा दिसत नाही.

१८०० डॉलर आणि १२ इंची स्वप्न

भावाचा फोन आला. "दादा, १८०० डॉलर जमलेत. १२ इंची फिशफाइंडर घेऊ का? सगळे तेच घेतायत."

मी म्हटलं, "मला मासेमारीतलं काही कळत नाही. पण गेल्या सीझनमध्ये सगळ्यात वाईट दिवस कुठला होता, ते सांग."

थोडा वेळ तो गप्प. मग म्हणाला, "जुलैमध्ये इंजिन चालू झालं नव्हतं."

किनाऱ्यापासून सहा मैल आत. नऊ वर्षांची मुलगी बोटीत. सकाळपासून इलेक्ट्रिक डाउनरिगर, फिशफाइंडर, पंप, सगळं एकाच बॅटरीवर चालू. डबा खायला म्हणून इंजिन बंद केलं, ते परत चालूच होईना. मोबाइलला रेंज नाही. दीड तास हात हलवत बसले, तेव्हा एका बोटीने बघितलं आणि ओढत किनाऱ्याला आणलं.

आता मला सांगा, त्या दिवशी १२ इंची स्क्रीन असती तर काय झालं असतं? बॅटरी एक तास आधी संपली असती!

हसू नका, मीही हेच केलंय. माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान. एका वर्षी दिवाळीआधी सगळे पैसे नव्या चकचकीत बोर्डावर घातले. बिलिंगच्या कॉम्प्युटरची बॅकअप बॅटरी जुनीच ठेवली. ऐन धनत्रयोदशीच्या संध्याकाळी लाइट गेली आणि इन्व्हर्टर विकणाऱ्याच्या दुकानात बिलिंग बंद! बाहेरची गर्दी शेजारच्या दुकानात गेली.

म्हणून आम्ही खर्चाचा क्रम ठरवला: आधी घरी परत येणं, मग मासा परत मिळवणं, मग बाकी हौस.

पायरी १: बॅटरी आणि वायर

हा माझा प्रांत. मंद चालीत आउटबोर्ड इंजिन बॅटरीला फारसं चार्जिंग देत नाही. म्हणून इंजिन स्टार्ट करायची बॅटरी वेगळी आणि उपकरणांची डीप सायकल बॅटरी वेगळी. उपकरणांची बॅटरी बसली तरी इंजिन चालू होणारच.

दुसरी गोष्ट वायर. जुन्या मालकाने ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर टाकली होती. बॅटरीपासून स्क्रीन १५ फुटांवर, म्हणजे जाऊन-येऊन ३० फूट. ३ अँपियर लोडला त्यात साधारण ०.६५ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे १२ व्होल्टचे पाच टक्क्यांहून जास्त. बोटीच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी ही घट ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा तिकडे नियम आहे. २.५ स्क्वेअर एमएम टाकली की तीच घट ०.२ व्होल्टवर येते. वायर कथील चढवलेल्या तांब्याची घ्यायची, दमट हवेत लवकर काळी पडत नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

भावाची स्क्रीन इंजिन स्टार्ट करताना बंद पडायची. तो समजत होता स्क्रीन खराब झालीय. दोष वायरचा होता.

बॅटरी, चार्जर, स्विच, फ्यूज आणि वायर मिळून ४२० डॉलर.

पायरी २: रेडिओ

"फोन आहे ना!" असं सगळेच म्हणतात. पण फोन एकालाच लागतो, आणि तोही रेंज असेल तर. व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ वर बोललं की कोस्ट गार्डही ऐकतं आणि आसपासच्या बोटीही ऐकतात. त्या जुलैच्या दिवशी हेच हवं होतं.

हातातला रेडिओ ५-६ वॅटचा, बोटीला बसवलेला २५ वॅटचा. बसवलेलाच घ्या आणि अँटेना जमेल तेवढा उंच लावा. त्यावर एक लाल बटण असतं. रेडिओला जीपीएस जोडलेला असेल आणि त्यात बोटीचा एमएमएसआय नंबर भरलेला असेल, तर ते दाबल्यावर बोटीची ओळख आणि जागा आपोआप जाते. बरेच लोक नंबर भरतच नाहीत. म्हणजे दुकानात फायर एक्स्टिंग्विशर आणायचा आणि पिन कशी काढायची ते कोणालाच माहीत नाही, तसं.

अँटेना धरून ३३० डॉलर.

पायरी ३: फिशफाइंडर, पण ७ इंची

खरेदीआधी मी एक फुकटचं काम सांगितलं: "जुनं आधी नीट कर." वेग वाढला की त्याच्या स्क्रीनवर तळ दिसेनासा व्हायचा. बघितलं तर ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा भाग, रिव्हेटच्या रांगेमागे बसवलेला. रिव्हेटमुळे बुडबुडे होतात आणि बुडबुड्यांतून आवाज नीट जात नाही. वीतभर बाजूला सरकवला, तळ दिसायला लागला. खर्च शून्य!

मग नवीन कशाला? तर जुन्यात नकाशा आणि जीपीएस नव्हतं. मासा लागला ती जागा आणि चाल नोंदवता आली, तरच परत तिथून जाता येतं. घेताना हे बघितलं:

* इंचापेक्षा पिक्सेल. आणि भर उन्हात स्क्रीन वाचता येते का.
* खोलीला साजेशी फ्रीक्वेन्सी. जास्त फ्रीक्वेन्सीत चित्र बारीक येतं, पण ती खोल जात नाही. बाजूचं चित्र दाखवणारा सोनार उथळ पाण्यात कामाचा. ४०-५० मीटर पाण्यावर ट्रोलिंग करणाऱ्याने त्याचे जास्त पैसे का द्यायचे?
* सोनारचा कोन. २० अंशांचा कोन असेल, तर ३० मीटर खोलीवर साधारण साडेदहा मीटर रुंदीचाच भाग दिसतो. स्क्रीन १२ इंची केली म्हणून पाण्यातला हा कोन रुंद होत नाही!

नकाशासकट ६५० डॉलर.

काय घेतलं नाही

लाइव्ह सोनार, रडार, दुसरी स्क्रीन नाही. ऑटोपायलट खरोखर कामाचा, कारण हात मोकळे राहतात. पण बोटीत दोघं असतात, तोवर थांबता येतं.

गोळ्याजवळचा वेग आणि तापमान सांगणारा प्रोबही थांबवला. जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग सांगतो, पण खाली वेगळाच प्रवाह असू शकतो. म्हणून कधी उत्तरेला जाताना मासा लागतो आणि त्याच वेगाने दक्षिणेला येताना काहीच नाही. तोवर फुकटचा उपाय म्हणजे डाउनरिगरच्या तारेचा तिरपेपणा बघायचा. मासा लागला तेव्हा तार जेवढी मागे झुकली होती, तेवढीच वळल्यावरही झुकेल असा वेग ठेवायचा. आणि वहीत लिहायचं: वेळ, खोली, दिशा, तारेचा कोन.

एकूण १४०० खर्च, ४०० डॉलर शिल्लक. "हे कशाला ठेवायचे?" भावाने विचारलं. म्हटलं, वर्षभर वही लिही. कुठल्या माहितीवाचून तुझा निर्णय अडला, ते वहीच सांगेल. त्यावर खर्च कर.

या जूनमध्ये पुन्हा एकदा इंजिन रुसलं, इंधनात पाणी गेलं होतं. या वेळी रेडिओवर बोलला आणि वीस मिनिटांत शेजारची बोट आली. मुलगी आता आईला सांगते, "बाबाला रेडिओ लावता येतो."

तुमचा गृहपाठ

दुकान, गिरणी, पार्लर, काहीही असो. कागद घ्या आणि तीन ओळी लिहा. गेल्या वर्षातला सगळ्यात वाईट दिवस कुठला? तो कशामुळे आला? तो टाळायला किती खर्च आला असता? तुमची पुढची खरेदी तीच. मोठी स्क्रीन कुठे पळून जात नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!