जड मनाची वाट (भाग ९) : आधी भाकर, मग प्रश्न

श्वासाचा सराव या अंकात सांगायचं कबूल केलं होतं, पण तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. पारशिवनी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे आणि त्याच्या उत्तराला उशीर करून चालणार नाही.

ताई लिहितात की वर्षभर मन बसलेलं होतं. चूल पेटवायचीही ताकद उरली नव्हती. रात्री दोनला जाग यायची आणि सकाळपर्यंत छाती धडधडत राहायची. नागपूरला मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या आणि दीड-दोन महिन्यांत झोप लागू लागली. मग एका घरगुती प्रार्थना सभेत कुणीतरी म्हणालं, "प्रभूवर भरवसा आहे ना? मग गोळी कशाला घेतेस?" ताईंनी त्याच रात्री गोळ्या थांबवल्या. आता सगळं पुन्हा तिथंच आलं आहे, वर अपराधीपणाची भर पडली आहे. शेवटी त्या विचारतात, "माझा विश्वास कमी पडला का?"

नाही ताई, मुळीच नाही. असं का म्हणतो, ते एलीयाची गोष्ट जरा सावकाश वाचून सांगतो.

'१ राजे'चा एकोणिसावा अध्याय आपल्या मंडळ्यांत वाचला जातो तो बहुतेक वेळा त्या मंद वाणीसाठी. वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो आणि मग ती शांत वाणी ऐकू येते. उपदेश तिथूनच सुरू होतो. त्याआधीची सात-आठ वचनं घाईघाईत उरकली जातात, आणि माझं मन वर्षानुवर्षं नेमकं त्यांच्यापाशीच रेंगाळतं.

कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला हा माणूस. दुष्काळ सरून पाऊस आला तोही त्याच्या डोळ्यांदेखत. आणि लगेच पुढच्या अध्यायात, ईजबेल राणीचा एक निरोप येताच तो जीव घेऊन पळत सुटतो. विश्वास कमी असलेल्यालाच नैराश्य येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोन अध्यायांमधलं अंतर बघावं. एक पान उलटायचाही अवकाश नाही.

पळताना तो काय काय करतो तेही बघा. बैर-शेब्याला पोचल्यावर सोबतच्या चाकराला तिथंच सोडतो आणि एकटाच रानात शिरतो. दिवसभर चालून एका रतम झुडपाखाली बसतो. ही वाळवंटातली झाडोऱ्याची जात, सावली विरळ, जेमतेम डोकं झाकेल एवढी. तिथं बसून तो देवाकडे मरण मागतो आणि झोपी जातो. माणसं टाळणं, खाणं सुटणं, मरण मागणं: आज एखाद्या डॉक्टरसमोर बसून कुणी हे सांगितलं, तर डॉक्टर पेन उचलून लिहायला लागतील.

आता देव काय करतो? 'उठ, तुझा विश्वास कुठे गेला' असं म्हणत नाही. कर्मेलची आठवण करून देत नाही. दूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर असते, आपल्याकडे रोडगे भाजतात तशी, आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. त्या परत झोपण्यावर दूत रागावत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तो पुन्हा येतो, पुन्हा खाऊ घालतो आणि म्हणतो की पुढची वाट तुला झेपणारी नाही, म्हणून खा. त्या अन्नाच्या बळावर एलीया चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचतो. 'तू इथे काय करतोस?' हा पहिला प्रश्न देव त्याला विचारतो तो तिथं, इतक्या उशिरा.

म्हणजे आधी अन्न, पाणी, झोप आणि कुणाचा तरी हात, त्यानंतर वाट आणि सगळ्यात शेवटी बोलणं. आपल्या सभांमध्ये हा क्रम नेमका उलटा होतो.

शरीर आधी सांगतं, हे रामटेकच्या माणसाला खरं तर वेगळं सांगायला नको. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलंच रामटेक असं साधार मांडलं. कालिदासाचं स्मारक गडावर आहे आणि शाळेच्या सहलीत ते कुणी बघितलं नाही असं नाही. पण मेघदूतातला यक्ष आपल्यासमोर पहिल्यांदा येतो तो कसा, ते पुन्हा काढून वाचा. त्याचं दुःख बोलून दाखवण्याआधी कवी मनगट दाखवतो. ते इतकं वाळलं आहे की सोन्याचं कडं गळून पडलं आहे. यक्षाचा विरह आणि आजार म्हणून येणारं नैराश्य एक नव्हे, हे कबूल. तरीही दुःख अंगावर कसं उतरतं हे कालिदासाने अचूक टिपलं. घरातल्या माणसाच्या बांगड्या सैल झाल्या, ब्लाऊज ढगळ झालं, जेवण अर्धं ताटात राहू लागलं, तर 'मन लावून प्रार्थना कर' म्हणण्याआधी त्याकडे लक्ष गेलं पाहिजे.

यक्षाला बोलायला निदान ढग तरी होता. एलीयाने चाकरही मागे सोडला होता. होरेबवर तो तक्रार करतो की मी एकटाच उरलो आहे. देव त्याला दोन उत्तरं देतो. बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार जण अजून आहेत, हे एक. आणि अलीशाला सोबत घे, हे दुसरं. 'माझं कुणीच नाही' हा विचार आजारच डोक्यात घालतो. तो खोडायचा तर नुसता उपदेश पुरत नाही, एक जिताजागता माणूस जोडून द्यावा लागतो.

औषधाबद्दल शास्त्र काय म्हणतं? पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौल त्याला प्रेमाने वैद्य म्हणूनच संबोधतो. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सुचवतो, फक्त प्रार्थना करायला सांगत नाही. दुखणाइताला वैद्याची गरज असते, हे तर प्रभूचेच शब्द आहेत.

इथं मला डोरोथी केरी आठवते. विल्यम केरीचं नाव आपल्याला ठाऊक असतं: १८०५ चं मराठी व्याकरण, १८१० चा कोश, १८११ चा मराठी नवा करार. या कामात त्याच्या मदतीला असलेले पंडित वैजनाथशास्त्री मूळचे आपल्या नागपूरकडचे, म्हणून हा इतिहास मला जवळचा. पण त्याच घरात त्याची पत्नी डोरोथी होती. इंग्लंड सोडायला ती आधी तयार नव्हती. १७९३ मध्ये बंगालात आली आणि पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. त्यानंतर तिचं मन जे ढासळलं ते सावरलंच नाही. केरी एका खोलीत भाषांतर करत असे आणि पलीकडच्या खोलीत ती आकांत करत असे. १८०७ मध्ये श्रीरामपूरला ती वारली. त्या घरात प्रार्थनेला तोटा नव्हता, तोटा होता तो उपचाराचा. नैराश्यावरची पहिली औषधं सापडायला १९५० चं दशक उजाडावं लागलं, आणि त्यातलं एक क्षयरोगावरचं होतं. ते घेणाऱ्या रुग्णांचं मन उभारी धरतं असं डॉक्टरांच्या ध्यानात आलं. डोरोथीला जे मिळालं नाही ते आज रामटेकहून नागपूरच्या एसटीत बसलं की मेयो, मेडिकल या सरकारी रुग्णालयांत मिळतं. त्याला अविश्वास म्हणणं मला तिच्यावरचा अन्याय वाटतो.

ताईंना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना कामाच्या चार गोष्टी सांगतो. या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहा-आठ. बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर त्या आणखी काही महिने चालू ठेवतात, कारण मध्येच सोडल्या की दुखणं उलटतं. एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, बेचैनी होऊ शकते. तो सैतानाचा हल्ला नव्हे. थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी झालं तरी मन आणि अंग असंच गळून जातं, म्हणून तपासणी सांगितली तर टाळू नका.

आणि प्रार्थना? ती सोडायची नाही. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ८८ उघडा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि आरंभापासून अखेरपर्यंत देवाशीच बोललेलं आहे. चेहरा हसरा करून साक्ष देण्याची सक्ती देवाने केलेली नाही, आपण केली आहे.

प्रार्थना सभा चालवणाऱ्यांना हात जोडून विनंती: अशा घरी जाताना जेवणाचा डबा घेऊन जा, अर्धा तास नुसते बसा, दवाखान्याच्या तारखेला सोबत जा. कुणाच्याही गोळ्यांबद्दल बोलू नका.

ताई, गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. याच आठवड्यात त्याच डॉक्टरांकडे जा आणि मध्ये थांबवल्याचं स्पष्ट सांगा. मरणाचे विचार येत असतील तर ते आजच घरात कुणाला तरी सांगा आणि टेलिमानस हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.