प्रेत नाही, तर खून नाही?

"प्रेतच सापडले नाही, मग खून झाला कशावरून?" चित्रपटातील वकिलाने असा सवाल टाकला की आपण मान डोलावतो. कायदा मात्र तसे म्हणत नाही.

हीच गैरसमजूत इंग्लंडमधील जॉन जॉर्ज हेग याला भोवली. कर्जात बुडालेल्या हेगने १९४९ साली एका श्रीमंत विधवेला क्रॉली गावातील आपल्या भाड्याच्या वर्कशॉपमध्ये नेऊन गोळी घातली व प्रेत गंधकाम्लाच्या पिंपात टाकले. पोलिसांना त्याने हे स्वतःच सांगितले आणि वर विचारले, प्रेत नाही तर खून शाबीत कसा करणार? 'कॉर्पस डेलिक्टाय' या लॅटिन संज्ञेचा अर्थ त्याने 'प्रेत' असा घेतला होता. वास्तविक अर्थ आहे 'गुन्ह्याचे शरीर', म्हणजे गुन्हा घडला हे दाखवणारी वस्तुस्थिती. त्याचे रसायनशास्त्रही कच्चेच निघाले. बाहेर ओतलेल्या गाळात डॉ. कीथ सिम्प्सन यांना पित्ताशयातील खडे मिळाले. कवळीही मिळाली, ती बाईंच्या दंतवैद्याने ओळखली. (वाणिज्य शाखेच्या वाचकांसाठी: बाईंचा कोट धुलाईला दिल्याची पावतीही त्याने जपून ठेवली होती!) ऑगस्टमध्ये हेग फासावर गेला.

आपल्याकडे 'रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य' या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा स्पष्ट केला. प्रेत मिळाल्याशिवाय शिक्षा देऊ नये, असे सतराव्या शतकातील इंग्लिश न्यायाधीश हेल यांनी लिहून ठेवले होते. तो सावधगिरीचा इशारा आहे, कायद्याचा नियम नव्हे, असे न्यायालय म्हणाले. एरवी प्रेत नीट लपवणारा प्रत्येक खुनी सुटला असता. मात्र माणूस मेलाच, आणि तो मारला गेला, हे इतर पुराव्याने निःसंशय सिद्ध व्हावे लागते.

एवढी सावधगिरी कशाला, ते इंग्लंडमधल्याच कॅम्पडन गावात घडलेल्या प्रकारावरून कळते. १६६० साली तेथील सत्तर वर्षांचा कारभारी विल्यम हॅरिसन खंडवसुलीला पायी गेला, तो परतलाच नाही. वाटेत त्याची फाटलेली टोपी व रक्ताळलेली गळपट्टी तेवढी मिळाली. नोकर जॉन पेरी याने, का कोण जाणे, आपल्या आईने व भावाने धन्याला मारल्याचा जबाब दिला. १६६१ मध्ये तिघांनाही फाशी झाली. आई व भाऊ अखेरपर्यंत नाकारत होते.

१६६२ साली हॅरिसन घरी परतला. आपल्याला पळवून तुर्कस्तानात गुलाम म्हणून विकले होते, असे तो सांगू लागला. त्या हकिकतीवर विश्वास ठेवणे कठीण. पण तो जिवंत होता.