दोन तास चाळीस मिनिटे

१४ एप्रिल १९१२ ची रात्र. कल्पनेने काळ ओलांडून मी ‘टायटॅनिक’वर उभा आहे. ११.४० ला हिमनगाची धडक बसली, २.२० ला जहाज बुडणार, हे मलाच ठाऊक. जीव सुमारे २,२००, जीवनौकांत जागा १,१७८. तरी पहिल्या नौका अर्ध्या रिकाम्याच उतरतात. जहाज बुडेल यावर कुणाचा विश्वासच नाही.

कॅनडाचे उद्योगपती आर्थर प्यूशेन रोख्यांची पेटी केबिनमध्येच सोडतात, बरोबर घेतात तीन संत्री. न्यूयॉर्कच्या ‘मेसीज’चे भागीदार इसिडोर स्ट्राउस इतर पुरुषांआधी नौकेत बसण्यास नकार देतात, पत्नी आयडा त्यांची साथ सोडत नाहीत.

परिग्रह-परिमाण आपण व्रत म्हणून घेतो. तेथे ते समुद्राने घडीभरात करवून घेतले. स्वेच्छेने सोडणे आणि हातून सुटणे, यांतील अंतर त्या रात्री उमगते.

त्या जहाजावर मला वेळ ठाऊक होती. येथे, गादीवर हिशेब लिहिताना, ती ठाऊक नाही. अनित्य भावना म्हणजे हेच. धाकट्या भावाशी वाटणीवरून अबोला आहे. संवत्सरीची वाट न पाहता आजच त्याच्याकडे जाऊन ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणणार आहे.